घारींची हजेरी

गेल्या तीन-चार अंकांत हें सदर आलें नाहीं म्हणून कांहीं वाचकांनीं आपुलकीनें चौकशी केली. एका भगिनीनें तर आमच्या प्रकृतीविषयीं काळजीचें पत्र लिहिलें. प्रकृति ठीक आहे. आम्ही सहकुटुंब विलायतेंत होतों. धाकटे चिरंजीव रेडिंग शहरीं नोकरीस आहेत, सूनबाईही तेथेंच कामास जातात, नातू अकरा वर्षांचा आहे, आणि 'एकदां याच' हा त्यांचा आग्रह चार वर्षांचा जुना झाला होता. भाद्रपदाच्या आरंभीं निघालों ते मार्गशीर्ष लागतां लागतां परतलों.

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. राजवाडे, पदार्थसंग्रहालयें आणि नदीवरचे पूल यांचीं वर्णनें वाचकांनीं उदंड वाचलीं आहेत, आणि ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं तीं स्थळें प्रत्यक्षही पाहिलीं असतील. आम्हांस सांगावयाची आहे ती एकच गोष्ट, आणि ती घारींची आहे.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्हां उभयतांना पहांटे तीनलाच जाग आली. उजाडल्यावर मागील दारीं उभे राहून त्या परक्या आकाशाकडे पाहत होतों, तोंच समोरच्या कौलांवरून एक मोठा पक्षी पंख न हालवितां सरकत गेला. 'अगबाई, घार!' असें सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजांत माहेरचें माणूस भेटल्याचा आनंद होता. घार खरीच, पण आपली नव्हे. आपल्या घारीचा रंग मातकट आणि शेंपटीची खांच उथळ. हिचें अंग तांबूस, डोकें राखी, शेंपटी विटकरी रंगाची व कात्रीसारखी खोल दुभंगलेली, आणि पंखांखालीं टोकांकडे दोन ठळक पांढरे पट्टे. पंख पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारें सहा फूट भरतात, आणि एवढ्या पसाऱ्याचें वजन किलोभर! शेंपटी सुकाणूप्रमाणें सारखी इकडेतिकडे वळत असते. इंग्रज तिला रेड काइट म्हणतात. आम्ही तांबडी घार म्हणूं.

अमरसिंहानें आपल्या कोशांत घारीस आतायी व चिल्ल अशीं दोन नांवें दिलीं आहेत, आणि हिंदींतील चील ही या चिल्लाचीच लेक. हा आमचा जुना छंद. वाचकांनीं क्षमा करावी. परंतु शास्त्रज्ञांच्या नामावळींत आपल्या देशी घारीच्या नांवाअखेर 'गोविंदा' हा शब्द आहे, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. मुंबई सरकारच्या नोकरींत असतांना दख्खनची पाहणी करीत हिंडलेल्या कर्नल साइक्स यांनीं १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तींत त्यांनीं तिला हें नांव दिलें. तेव्हां तांबडी घार ही आपल्या गोविंदाची विलायती चुलत बहीण, असें आम्हीं नातवास समजावून सांगितलें.

पितृपक्ष तेथेंच आला. सर्वपित्री अमावास्येस मागील भिंतीवर घास ठेविला. कावळा कांहीं येईना. अर्ध्या तासानें मॅगपाय नांवाचा एक काळापांढरा पक्षी आला आणि वड्याचा तुकडा उचलून गेला. पितरांना तेवढ्यावर समाधान मानावें लागलें. घार डोक्यावरून दोनदां गेली, तिनें भाताकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. पुढें उजवीकडच्या शेजाऱ्यांनीं आपल्या हिरवळीवर कोंबडीचे तुकडे फेंकले तेव्हां मात्र तीन घारी अशा वेगानें उतरल्या कीं सूनबाईंनीं दाणकन खिडकी लावून घेतली. रेडिंगच्या विश्वविद्यालयांतील संशोधकांनीं घरोघर चौकशी केली असतां, त्या शहरांत दर वीस घरांमागें सुमारें एका घरीं घारींना असें खाऊं घालतात असें आढळलें होतें. घारींचे हितचिंतक या प्रकाराच्या विरुद्ध आहेत. नुसत्या मांसाच्या तुकड्यांत हाड नसतें, त्यामुळें पिलांच्या हाडांस लागणारें चुन्याचें सत्त्व त्यांस मिळत नाहीं; आणि माणसाच्या हातचें खाण्यास सोकावलेली घार शाळकरी मुलाच्या हातांतला खाऊही झडप घालून नेते.

डावीकडचे शेजारी निराळ्या वळणाचे. वय एकोणऐंशीं, सारा जन्म रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनींत गेलेला, पत्नी निवर्तलेली, बोलणें मोजकें. १९९६ सालापासून ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरवड्यास एका ठराविक संध्याकाळीं जवळच्या चिल्टर्न डोंगरांतील एका राईसमोर जाऊन बसावयाचें, आणि रात्रीच्या मुक्कामास येणाऱ्या घारी मोजावयाच्या, हा त्यांचा नेम. एका साध्या वहींत तारीख, वारा, ढग, आरंभाची वेळ, अखेरची वेळ आणि आंकडा. दुसरें कांहीं नाहीं. यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु उतरला होता, शस्त्रक्रियेची पाळी फेब्रुवारींत लागावयाची होती, आणि संधिप्रकाशांत त्यांस फांदी कोणती व पांखरूं कोणतें हें कळेनासें झालें होतें. कुंपणापलीकडून त्यांनीं आम्हांस विचारलेला पहिला प्रश्न असा: 'तुमची नजर कशी आहे?' आम्हीं सांगितलें कीं शेवटच्या बांकावर काय चाललें आहे तें फळ्याजवळ उभें राहून पस्तीस वर्षें पाहत आलों. त्यांस तेवढें पुरेसें वाटलें.

घारी मोजावयाच्या कशाला, असें वाचक विचारतील. आम्हींही विचारलें. त्याचें उत्तर समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

चारशें-पांचशें वर्षांपूर्वीं लंडन शहरांत तांबड्या घारींचा सुळसुळाट होता. रस्त्यांवरची घाण त्या उचलीत, म्हणून लोक त्यांस राहूं देत. घरटें बांधावयाच्या दिवसांत घार वाळत घातलेले कपडे पळविते असा उल्लेख शेक्सपियरच्या एका नाटकांत आहे, आणि त्यांत अतिशयोक्ति नाहीं. आजही तिच्या घरट्यांत चिंध्या, मोजे व मुलांचीं खेळणीं सांपडतात. पुढें दिवस फिरले. १५६६ सालीं, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानींत, धान्याच्या रक्षणासाठीं म्हणून जो कायदा झाला त्यांतील उपद्रवी प्राण्यांच्या यादींत घारीचेंही नांव गेलें, आणि तिचें डोकें आणून देणारास चर्चचे कारभारी पैसे मोजूं लागले. मग बंदुका आल्या, शिकारीचे पक्षी राखणारे रखवालदार आले, विष आलें. आणि ती दुर्मिळ झाली तेव्हां दुर्मिळ अंडीं जमविणारे शौकीन आले. इंग्लंडांत १८७१ आणि स्कॉटलंडांत १८७९ या सालांनंतर तिचें घरटें उरलें नाहीं. वेल्सच्या डोंगरांत तेवढ्या कांहीं जोड्या तग धरून राहिल्या. त्यांच्या घरट्यांवर पहारा ठेवण्यासाठीं १९०३ सालीं कांहीं मंडळी एकत्र आली, आणि तें व्रत पुढें पिढ्यान्‌पिढ्या चाललें.

वेल्समधून त्या आपण होऊन इंग्लंडभर कां पसरल्या नाहींत? याचें कारण त्यांचा स्वभाव. पिलूं पहिल्या वर्षीं दूरदूर भटकतें, पण संसार मांडावयाचा तो बहुधा जन्मल्या रानाच्या आसपास, आणि तोही जेथें आपल्या जातीचा शेजार आहे तेथें. (हा स्वभाव घारींनीं कोठून उचलला असेल याविषयीं आमच्या घरीं एक संध्याकाळ विनोद चालला होता, ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्या वाचकांस तो सांगण्याची गरज नाहीं.) म्हणून १९८९ सालीं सरकारचें निसर्गरक्षण खातें व पक्षिरक्षणाची रॉयल सोसायटी यांनीं बाहेरून पिलें आणून सोडण्याचें काम हातीं घेतलें. उत्तर स्कॉटलंडांतील ब्लॅक आइल येथें स्वीडनचीं, आणि चिल्टर्न डोंगरांत मुख्यतः स्पेनचीं. ज्या घरट्यांत एकाहून अधिक पिलें असतील तेथूनच एखादें उचलावयाचें, आईबापांजवळ निदान एक ठेवावयाचें. विमानानें आणल्यावर तीं कांहीं आठवडे रानांतल्या लांकडी पिंजऱ्यांत ठेवीत. खाणें घालणारा माणूस त्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून तें आडोशामागून आंत सरकवीत. सोडतांना प्रत्येकीच्या दोन्ही पंखांस रंगीत पट्टी बांधीत. डाव्या पंखाचा रंग प्रदेश सांगे, उजव्याचा जन्मवर्ष, आणि पट्टीवरचें अक्षर अथवा आंकडा हें त्या एकटीचें नांव. पांच-सहा वर्षांत चिल्टर्नमध्यें ९० आणि ब्लॅक आइलवर ९३ घारी सोडण्यांत आल्या. हे दोन आंकडे वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढें लागणार आहेत.

१९९२ सालीं दोन्ही ठिकाणीं नव्या पिढीचीं पिलें उडालीं. मग नॉर्दॅम्प्टनशायर, यॉर्कशायर, गेट्सहेड, गॅलोवे अशा ठिकाणींही हाच प्रयोग झाला, आणि आज सबंध ब्रिटनमध्यें तांबड्या घारींच्या चार हजारांहून अधिक जोड्या आहेत.

आतां त्या संध्याकाळींकडे वळूं. राईचें नांव आम्ही मुद्दामच देत नाहीं. मुक्कामाची जागा कळली कीं हौशी लोक मोटारी व कॅमेरे घेऊन येतात, झाडांखालीं शिरतात, आणि घारी जागा सोडतात. म्हातारबुवांनीं आम्हांकडून तसें वचनच घेतलें होतें. चिरंजीवांनीं मोटार दूर रस्त्याच्या कडेस लावली. तेथून कुरणाच्या बांधाबांधानें दहा मिनिटें चालत गेलों. जमीन खडूची, पांढुरकी, पावसानें निसरडी झालेली. समोर उतारावर बीचच्या झाडांची राई, तिचीं पानें तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखीं. राईपासून तीनचारशें पावलांवर कुंपणाच्या आडोशास आमची बैठक. थर्मासांत चहा, आणि सौभाग्यवतींनीं बरोबर दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. म्हातारबुवांनीं चार पुऱ्या खाल्ल्या व, अशा पुऱ्या केबिनींत मिळत्या तर रात्रपाळी जड गेली नसती, असा अभिप्राय दिला. त्या दिवशींचें त्यांचें हें सर्वांत लांब वाक्य.

सूर्यास्तापूर्वीं तास-दीड तास आकाश मोकळें होतें. नातू कंटाळला. मग राईच्या बाहेर उभ्या असलेल्या एका वठलेल्या झाडावर एक घार येऊन बसली. ती केव्हां आली हें आम्हां तिघांतल्या एकासही कळलें नाहीं. थोड्या वेळानें दुसरी, मग एकदम चार. आणि पुढच्या पाऊण तासांत दाही दिशांनीं घारी येऊं लागल्या. कोणी उंचावरून पंख स्थिर ठेवून उतरत होती, कोणी कुरणाला जवळजवळ चाटून येत होती. त्या लगेच राईंत शिरत नाहींत. आधीं वरतीं घिरट्या, एकमेकींचा पाठलाग, उगीच झडपा. एकीनें कसलीशी काटकी पायांत आणली होती, ती तिनें हवेंत सोडली, दुसरीनें खालच्या खालीं झेलली. ही बहुतेक तरुण मंडळी असते, असें म्हातारबुवा म्हणाले. संसारी जोड्या पुष्कळदां आपल्या घरट्याच्या रानांतच रात्र काढतात. शाळा सुटल्यावर घंटेनंतरचीं दहा मिनिटें पटांगणांत जो गोंधळ असतो तोच आम्हांस आकाशांत दिसला.

या एकत्र मुक्कामाचें कारण काय? सोबत असली म्हणजे संकटाची चाहूल लवकर लागते, हें एक. दुसरें असें कांहीं शास्त्रज्ञ मानतात कीं, जिला दिवसभर कांहीं मिळालें नाहीं ती सकाळीं पोट भरलेलीच्या मागोमाग निघते, आणि मेलेली मेंढी कोठें पडली आहे तें तिला न सांगतां समजतें. घारीचे पाय दुबळे असतात. मेंढीचें कातडें तिला फाडतां येत नाहीं, तें काम डोमकावळ्यानें आधीं करावें लागतें. मोठें जनावर मारणें तर तिच्या आवांक्याबाहेरच. मेलेलें खावें, नाहींतर नांगरलेल्या शेतांत चालत जाऊन गांडुळें वेंचावीं, हा तिचा खरा उद्योग. तिच्या डोक्याची किंमत देणाऱ्या चर्चच्या कारभाऱ्यांनीं तिला गांडुळें वेंचतांना एकदां पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

मोजणीची पद्धति म्हातारबुवांनीं आम्हांस केबिनींतल्या नियमांप्रमाणें शिकविली. आलेल्या मोजावयाच्या, बाहेर पडलेल्या वजा करावयाच्या. दर दहा मिनिटांनीं बसलेल्या निराळ्या मोजावयाच्या, आणि दोन्ही हिशेब ताडून पाहावयाचे. एकानें एकच बाजू धरावयाची, शेजाऱ्याच्या बाजूकडे पाहावयाचें नाहीं. मोजतांना बोलावयाचें नाहीं. अंधार पडला कीं थांबावयाचें, आणि जें दिसलें तेंच लिहावयाचें. अदमासानें एकही वाढवावयाची नाहीं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तिकडे सर्व घड्याळें एक तास मागें घेतात. त्यानंतर आम्ही एक तास अलीकडे निघूं लागलों, एवढाच फरक. वेल्समध्यें गिग्रिन नांवाच्या शेतवाडीवर रोज दुपारीं घारींना मांस टाकतात, तें पाहण्यास लोक लांबून जातात. तेथें वेळ उन्हाळ्यांत तीनची आणि हिंवाळ्यांत दोनची लिहिलेली असते. घारींच्या लेखीं ती एकच.

पहिल्या दिवशीं आमचा आंकडा एकोणतीस आला, नातवाचा सत्तावीस. घरीं येतांना मोटारींत आम्हीं सहज म्हटलें, 'अठ्ठावीस लिहा, मध्यममान होईल.' म्हातारबुवा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं वहींत दोन्ही आंकडे लिहिले आणि वही मिटली. आम्हांस रात्रीं झोंप आली नाहीं, आणि त्याचें कारण येथें सांगितलें पाहिजे.

आम्ही नोकरीस लागलों त्या काळीं एका लहानशा गांवच्या शाळेंत होतों. तपासणी जवळ आली होती. पटावरची हजेरी कमी भरली तर एक शिक्षक कमी होईल असा धाक होता, आणि वरिष्ठांनीं आम्हांस कोऱ्या चौकटी भरून टाकण्यास सांगितलें. आम्ही नवे होतों. आम्हीं भरल्या. पांचवींतला एक मुलगा एकोणीस दिवस शाळेंत आला नव्हता. आमच्या पटांत तो एकोणीसही दिवस हजर होता. आठवडाभर गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरीं मास्तरानें जावें असा त्या शाळेचा शिरस्ता होता, आणि तो आम्ही पाळीतही असूं. पण हजर मुलाच्या घरीं कोण जातो? त्यास विषमज्वर झाला होता. घरीं अंगाऱ्याधुपाऱ्यावर दिवस गेले. मुलगा वांचला, पण त्याचा एक कान गेला. तो आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. बाजारांत भेटला कीं वांकून नमस्कार करतो, आणि आम्ही बोलूं लागलों कीं मान उजवीकडे वळवितो. त्या हजेरीपटाविषयीं त्यास कांहीं ठाऊक नाहीं. आजवर आम्हीं हें कोणास सांगितलें नव्हतें. घरांत या लेखावरूनच कळेल.

हें आम्हीं दुसऱ्या खेपेस त्या कुंपणाशीं बसून म्हातारबुवांना सांगितलें. परक्यास सांगणें सोपें गेलें. त्यांनीं बराच वेळ दुर्बिणीची कांच पुसली आणि मग ब्लॅक आइलची हकीकत सांगितली. वर सांगितलेले दोन आंकडे वाचकांनीं आतां आठवावे. चिल्टर्नमध्यें ९०, ब्लॅक आइलवर ९३. म्हणजे उत्तरेकडे तीन अधिकच. २००६ सालापर्यंत चिल्टर्नच्या जोड्या तीनशेंच्या वर गेल्या, आणि ब्लॅक आइलच्या चाळीसच्या आसपासच राहिल्या. अंडीं कमी होतीं काय? नाहीं. पिलें घरट्यांत मरत होतीं काय? तेंही नाहीं, घरट्यांतून पिलें भरपूर उडत होतीं. मग तीं जात कोठें? पट्ट्यांच्या नोंदी, घरट्यांच्या नोंदी आणि सांपडलेलीं प्रेतें यांचा ताळा घालून शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं जें अनुमान प्रसिद्ध केलें तें असें कीं, त्या भागांत घारी बेकायदा मारल्या जात होत्या, आणि त्यांतही मुख्यतः विषानें. मेलेल्या सशावर किंवा कोंकरावर विष टाकून ठेवितात, तें दुसऱ्या कोणा जनावरासाठीं असलें तरी मेलेलें खाणारी घार त्यावर आधीं उतरते. उंदरांना घातलेलें विषही उंदरामार्फत तिच्या पोटांत जातें. २०१४ च्या मार्च महिन्यांत त्याच मुलखांत कॉनन ब्रिज गांवाजवळ १६ तांबड्या घारी आणि बझर्ड जातीचे ६ शिकारी पक्षी अशीं २२ पांखरें मेलेलीं सांपडलीं. त्यांतील बहुतेकांच्या पोटांत विष निघालें. त्याबद्दल कोणास शिक्षा झाली नाहीं.

'ज्या दिसल्या नाहींत त्या कोणी लिहिल्या नव्हत्या,' म्हातारबुवा म्हणाले, 'म्हणून नाहींत असें कळलें.' मग त्यांनीं दुर्बीण आमच्या हातीं दिली. घारी येऊं लागल्या होत्या.

त्या वहींतील सुरुवातीचीं पानें आम्हीं पुढें एकदां सबंध वाचलीं. १९९६, १९९७ सालांत आंकड्याशेजारीं पट्टीचे रंग व अक्षरें लिहिलेलीं आहेत, जणूं प्रत्येकीचें नांव घेऊनच हजेरी घेतली आहे. पुढें पट्टी बांधलेल्या घारी विरळ होत गेल्या, बिनपट्टीच्या वाढत गेल्या, आणि नांवें जाऊन नुसता आंकडा राहिला. मूळच्या स्पेनच्या पाहुण्या आतां उरल्या नसतील. उलट स्पेनमध्येंच ही जात पुष्कळ ठिकाणीं खालावली, आणि २०२२ सालापासून इंग्लंडांतलीं पिलें स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतांत नेऊन सोडण्यांत आलीं. नातवानें याला व्याजासहित परतफेड म्हटलें. त्यास सध्यां शाळेंत सरळव्याज चालूं आहे.

आपल्याकडेही असें काम सुरू झालें आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधानें आपलीं गिधाडें गेलीं. त्या औषधावर २००६ सालीं बंदी आली. आणि हरियाणांत पिंजोर येथील केंद्रांत वाढविलेलीं कांहीं गिधाडें २०२४ सालीं ताडोबा व पेंच येथें मोकळीं सोडण्यांत आलीं. त्यांच्या पाठीवर यंत्रें आहेत, तीं कोठें आहेत हें तारायंत्राप्रमाणें कळतें. यंत्र बंद पडलें म्हणजे मात्र माणसासच रानांत जावें लागतें.

आमची शेवटची फेरी नोव्हेंबरच्या मध्यास झाली. दुपारपासून भुरभुर पाऊस, प्रकाश चारलाच मंद झालेला. त्या दिवशीं घारी लवकर आल्या आणि पुष्कळ आल्या. सव्वाचारच्या सुमारास दूर कोठेंतरी बंदुकीचे दोन बार झाले. तिकडे ते दिवस फेझंटच्या शिकारीचे. राईंतून दहाबारा घारी एकदम उठल्या, डावीकडून फिरून मागच्या बाजूनें परत शिरल्या. अंधारून आलें. आमचा आंकडा एक्केचाळीस भरला. नातवाचा अडतीस.

म्हातारबुवांच्या वहींत त्या राईचा नोव्हेंबरांतला सर्वांत मोठा आंकडा चाळीस होता, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांसही होतें. त्यांनीं पेन्सिल काढली आणि आमच्याकडे पाहिलें. त्या डोळ्यांना त्या प्रकाशांत आमचा चेहराही नीट दिसत नसावा. आम्ही दोन दिवसांनीं परत निघणार होतों. एवढा एक आंकडा त्यांच्या पदरांत टाकून जावें असें फार वाटलें. आणि एक्केचाळीस खोटाही नव्हता. तेवढ्या आम्हीं मोजल्या होत्या. पण बारानंतर उठलेल्या घारींपैकीं किती परत शिरल्या आणि त्यांत नव्या किती, हें आम्हांस छातीवर हात ठेवून सांगतां येत नव्हतें. तसें आम्हीं सांगितलें. 'किती जणींबद्दल शंका आहे?' 'तीन.' त्यांनीं ३८ लिहिले, आणि खालीं बारीक अक्षरांत: एका मोजणाराचे ४१, तीन अनिश्चित, बंदुकीचा आवाज. मग वही नातवाच्या हातीं दिली व पानाच्या अखेरीस सही करावयास सांगितलें. त्याची ती आयुष्यांतली पहिली सही. तो घरीं येईपर्यंत मोटारींत एक शब्द बोलला नाहीं.

आतां आम्ही घरीं आहों. चिरंजीव पंधरवड्यास एकदां त्या दोघांना तेथें घेऊन जातात. गेल्या रविवारीं रात्रीं नातवाचा निरोप फोनवर आला, तो असा: 'आजोबा, आज ३३. धुकें होतें. शेवटचीं पंधरा मिनिटें कांहींच दिसलें नाहीं, तसें लिहिलें आहे.'